बाहुलीला दिलेला आवाज

सुकेशनीनं त्या संघात पहिल्यांदा तोंड उघडलं ते चुकूनच.

ओवीच्या घराच्या गच्चीवर सातजण बसले होते. मधोमध रद्दीचा ढीग, बांबूच्या कामट्या, खळीचं पातेलं आणि अजून डोकं न बसलेली एक बाहुली. शाळेनं त्या वर्षी प्रथमच विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलता स्पर्धेत संघ उतरवला होता. माणसाएवढी बाहुली मुलांनी स्वतः बनवायची, तिला घेऊन छोटं नाटक बसवायचं आणि पुण्याला जाऊन परीक्षकांपुढं करून दाखवायचं. अट एकच, पण कडक. मोठ्या माणसांचा हात कशालाही लागता कामा नये, ना खिळा ठोकायला ना संवाद लिहायला. दमयंती मॅडम नावाला संघाच्या मार्गदर्शक होत्या. गच्चीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून त्या पेपर तपासत बसायच्या आणि कुणी काही विचारलं की म्हणायच्या, "मी इथं नाहीच असं समजा."

नाटक ओवीनं लिहिलं होतं. गावातली विहीर आटते, म्हणून झुंबरआजी डोक्यावर घागर घेऊन शहरात पाणी शोधायला येते. तिथं काचेचे दरवाजे, हात पुढं केला की वाहणारा नळ, सरकता जिना, एकेक नवल बघताना तिची फजिती होते, आणि शेवटी ती शहराला पाण्याचं मोल शिकवते. श्रीरंग झुंबरआजीचा आवाज काढून बघत होता. घसा खरवडून, दर वाक्याला "अगं बाई गं" लावून.

"आसं नाय बोलत म्हातारी," सुकेशनी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दमयंती मॅडमचंही पेन थांबलं. संघात सातवं कुणीतरी हवं म्हणून तिला घेतलं होतं, आणि इतके दिवस ती फक्त कागद फाडून खळीत भिजवत होती.

"मग कशी बोलते?" श्रीरंगनं विचारलं.

आता माघार घेता येईना. सुकेशनीनं डोक्यावर ओढणी घेतली, कमरेवर हात ठेवला आणि समोरच्या पाण्याच्या टाकीच्या नळाकडं बघत म्हणाली, "आगं माय! ह्यो नळ हाय का जादूटोना? हात घातला की चालू, काढला की बंद! आमची शेळी बी इतक्या लवकर पान्हा सोडत नाय!"

मग श्रीरंग गच्चीवर आडवा होऊन हसू लागला. ओवीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "परत, परत!" म्हणत तिनं सुकेशनीचा हात धरला. खुद्द दमयंती मॅडमनीसुद्धा पेपरांच्या गठ्ठ्याआड तोंड लपवलं. त्या दिवसापासून सुकेशनीची 'सुकू' झाली. डब्याच्या सुट्टीत तिच्यासाठी जागा धरली जाऊ लागली.

तो आवाज तिच्या आजीचा होता, बानाबाईचा. शेळीचं वाक्यही आजीचंच. वडिलांनी, अजिनाथनं, आजीला प्रोझोन मॉल दाखवायला नेलं होतं तेव्हा ती हात धुताना असंच म्हणाली होती, आणि तेव्हा शेजारच्या बायका हसल्या म्हणून सुकेशनी लाजेनं अर्धी झाली होती. तेच वाक्य आता तिला मैत्रिणी मिळवून देत होतं.

बिडकीनकडची त्यांची जमीन नव्या औद्योगिक वसाहतीत गेली होती. जिथं मेंढरं चरायची तिथं आता मोकळे, रुंद, दुभाजकाचे रस्ते होते आणि त्या रस्त्यांच्या कडेला अजून एकही कारखाना नव्हता. मोबदल्यातून अजिनाथनं शहराच्या कडेच्या सातारा परिसर नावाच्या वस्तीत रो हाऊस घेतलं आणि पोरीला बीड बायपासवरच्या चांगल्या शाळेत घातलं. मेंढरं काही दिवस गावात चुलतभावाकडं ठेवली होती. पण त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दिवाळीला आजूबाजूला काडी उरली नव्हती, तेव्हा निम्मी विकली आणि निम्मी आजीच्या धाकट्या भावाच्या, बिरूमामाच्या, कळपात घातली. आजी शहरात आली ती एक घोंगडी आणि शेवटच्या कातरणीची लोकर भरलेलं एक पोतं घेऊन.

नव्या शाळेत पहिल्याच महिन्यात सुकेशनीनं मराठीच्या तासाला धडा वाचताना 'पाणी'चं 'पानी' केलं होतं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तिचं वाक्य तसंच म्हणून दाखवलं होतं. तेव्हापासून ती न्हाणीघरात दार लावून पुटपुटायची. पाणी. आणि. कोण. लोणी. दोन महिन्यांत जीभ वळली. आजीशी बोलताना मात्र ती आपोआप जुन्या वळणावर जायची, आणि कुणी ऐकत नाही ना, हे आधी बघायची.

बाहुलीचं काम जोरात सुरू झालं. फुग्यावर कागदाच्या पट्ट्यांचे थर चढवून ओवीनं डोकं केलं. पहिलं उन्हात तडकलं. दुसऱ्याला ओलसरपणानं बुरशी धरली. तिसऱ्या वेळी तिनं खळीत मेथीची पूड कालवली आणि डोकं सावलीत वाळवलं. तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी खळीनं सोलून निघाली होती, तरी ती कुणाला हात लावू देईना. श्रीरंगनं जुन्या सायकलच्या ब्रेकची मूठ आणि वायर बाहुलीच्या जबड्याला जोडली. मूठ दाबली की तोंड उघडायचं. आत शिरून बाहुली खांद्यावर पेलायची, जबडा चालवायचा आणि बोलायचं, हे सुकेशनीचं काम. दोन बाजूंनी दोघांनी काठ्यांनी हात हलवायचे. उजवा हात ओवीकडं होता, कारण त्याच हातानं घागर धरायची होती.

"चेहरा जमत नाहीये," एके दिवशी ओवी म्हणाली. "म्हातारी वाटते, पण कुणाचीच वाटत नाही. मला तुझ्या आजीला बघायचंय."

सुकेशनीनं दोन-तीनदा टाळलं. चौथ्यांदा ओवी स्वतःच सायकल घेऊन दारात उभी राहिली.

आजीला कोण आनंद झाला! नातीची मैत्रीण घरी यायची ही पहिलीच वेळ. तिनं भाकरी थापली, ठेचा वाढला आणि ओवीच्या डोळ्यांना धारा लागल्या तेव्हा खो-खो हसत गुळाचा खडा हातावर ठेवला. ओवीनं फोन काढून तिचे फोटो घेतले. समोरून, बाजूनं, हनुवटीवरच्या गोंदणाचे, डोळ्यांच्या कडांचे.

"माझा फोटू कामून घ्यायलीस गं माय?" आजीनं पदर सारखा करत विचारलं. "वाळल्या खारकेवानी तोंड झालंय माझं."

"छान आहे तुमचा चेहरा, आजी," ओवी म्हणाली, आणि ती मनापासून म्हणत होती.

जाताना तिनं बाहुलीच्या केसांचा विषय काढला. आजीनं पलंगाखालचं पोतं ओढलं आणि पांढरी लोकर ओंजळ-ओंजळ काढून पिशवीत भरली.

"कंची बाहुली करायलात?"

"एक म्हातारी आहे," सुकेशनी घाईनं म्हणाली.

"म्हातारीची कुनी बाहुली करतं का? बाहुली म्हंजी नवरी पायजे."

ओवी हसली. सुकेशनीही हसली, पण पुढचं काही आजीला सांगितलं नाही. गोष्टीतली म्हातारी कशी आहे, ती कुणाच्या आवाजात बोलते, हे सांगायला तोंडापर्यंत आलेले शब्द तिनं गिळले. नंतर सांगू, असं तिनं ठरवलं.

नाटकातला सगळ्यात मोठा हशा सरकत्या जिन्याचा होता. झुंबरआजीला कुठल्याशा चकचकीत दुकानातून अखेर घागरभर पाणी मिळतं, ती जिन्यावर पाय ठेवते, जिना तिला वर नेतो, ती खाली यायला बघते, आणि ह्या ओढाताणीत घागर कलंडते. घागरीतून निळ्या जिलेटिन कागदाच्या झिरमिळ्या भसकन बाहेर पडायच्या आणि झुंबरआजी ओरडायची, "आगं माय, जिना पळाला, मी ऱ्हायली, आन पानी गेलं फिरायला!" प्रत्येक तालमीत सगळे हसायचे. शेवटी 'पाणी वाचवा' असा फलक वर यायचा. घागर कलंडली की सुकेशनीला दर वेळी डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे. पण त्याच वेळी बाहेरचा हशा कानावर यायचा, आणि तो हशा तिला हवा होता.

पुण्याला जाण्याआधी शाळेनं पालकांसाठी एक प्रयोग ठेवला. "आजीला नका आणू," सुकेशनीनं घरी खोटंच सांगितलं. "सगळं इंग्रजीत आहे. तिला कंटाळा येईल."

"तिची लोकर लागलीय त्यात," अजिनाथ म्हणाला. "ती तर सकाळधरनं लुगडं काढून बसलीय."

बाहुलीच्या पातळाला पोटाच्या उंचीवर जाळीचा तुकडा लावलेला होता. आतून त्यातूनच दिसायचं. पडदा सरकला आणि सुकेशनीला दुसऱ्या रांगेत आजी दिसली. हिरवं इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, आणि ती मान उंचावून नातीला शोधत होती. नात बाहुलीच्या पोटात आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

मनात आलं, आवाज बदलावा. श्रीरंगसारखा खरवडून काढावा. पण वाक्यं तोंडात बसली होती, आणि पहिलंच वाक्य उच्चारल्यावर सभागृह असं खदखदलं की पुढची वाक्यं जणू आपली आपणच येऊ लागली. शेळीच्या पान्ह्याला टाळ्या पडल्या. आजी आधी सगळ्यांबरोबर हसली. मग तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बारीक झाले. तिनं बाहुलीच्या हनुवटीकडं पाहिलं. ओवीनं तिथं हिरव्या रंगानं तीन ठिपक्यांचं गोंदण काढलं होतं, जसंच्या तसं.

जिन्याचा प्रसंग आला. घागर कलंडली. आणि आजी खुर्चीतून अर्धी उठली, दोन्ही हात पुढं करून, जणू रांगेतून धावत येऊन ती घागर सावरणार होती. भोवतालचे लोक मागं रेलून हसत होते. अजिनाथनं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

प्रयोग संपल्यावर कुणाच्या तरी वडिलांच्या ध्यानात आलं. "अरे, सेम टू सेम! आजी, या ना, इकडं उभ्या राहा." बानाबाईला बाहुलीशेजारी उभं केलं. फोन वर झाले. ती कॅमेऱ्यांकडं बघून हसली. तिचा एक हात बाहुलीच्या केसांवर होता आणि बोटं लोकर चाचपत होती.

घरी जाताना रिक्षात तिनं एवढंच विचारलं, "त्या बाहुलीच्या पोटात तू व्हतीस व्हय?"

"हं," सुकेशनी म्हणाली.

"जड आसंल."



पुढचे दोन-तीन दिवस सुकेशनीला वाटलं, संपलं, आजीनं काही मनावर घेतलं नाही. मग ओवी घरी आली, आणि आजीनं दारातच हात जोडून म्हटलं, "या. बसा. पा... पाणी घेता का?"

तो 'ण' तिनं असा उच्चारला की जणू तोंडात खडा आला होता. ओवीला काही वेगळं वाटलं नाही. सुकेशनीच्या अंगावर मात्र काटा आला.

त्यानंतर तिच्या ध्यानात येऊ लागलं. आजी बाहेरच्या कुणासमोर बोलेनाशी झाली. सातारा परिसरात नळाचं पाणी नव्हतं, टँकर यायचा, आणि त्याच्या रांगेत आतापर्यंत बानाबाईचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जायचा. कुणी मध्ये घुसलं की ती त्याच्या सात पिढ्यांची उजळणी करायची, आणि म्हणूनच रांग सरळ राहायची. आता ती बादली घेऊन मुकाट उभी राहू लागली. "काय हो, तुमच्या आजीला बरं नाही का?" शेजारच्या साळूबाईंनी विचारलं. आणि एका दुपारी आजीनं सुकेशनीलाच जवळ बोलावून हळूच विचारलं, "तुमच्याकडं 'नाय'ला काय म्हन्तात? नाही म्हन्तात ना? मला जरा सांगत जा बरं."

सुकेशनी उठून आत निघून गेली. तिला रडायलाही येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं दमयंती मॅडमना गाठलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"मला काही सांगता येत नाही, सुकेशनी," त्या म्हणाल्या. "नियम आहे, हे एक. आणि दुसरं, मीही हसले होते. तू मुलांशी बोल."

ती बोलली. गच्चीवर, सगळ्यांसमोर. तिला वाटलं होतं नीट सांगता येईल, पण शब्द एकमेकांत अडकले. आजी बोलत नाही, आजीला वाईट वाटलं, आवाज बदलू या, घागर नको, असं काहीबाही ती म्हणाली.

"पण त्या हसत होत्या!" ओवी म्हणाली. "माझ्यासमोर फोटो काढून घेतले त्यांनी."

"ते तसं हसणं नव्हतं."

"स्पर्धा तोंडावर आलीय. आणि तूच तर आवाज दिलास, सुकू. आम्ही कुणी मागितला होता? शेळीचं वाक्यसुद्धा तूच आणलंस."

हे खरं होतं. श्रीरंग म्हणाला, जिन्याचा प्रसंग काढला तर नाटकात उरतं काय? बाकीच्यांनी माना डोलावल्या. ओवीचा चेहरा लाल झाला होता. बाहुलीच्या मानेला गेलेला तडा ती कागदानं बुजवत होती, एकाच जागी पट्टीवर पट्टी. तिलाही बरं वाटत नव्हतं, हे सुकेशनीला दिसलं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आजी आपल्या घराच्या गच्चीवर घोंगडी अंथरून एकटीच बसली होती. सुकेशनी तिच्यासमोर जाऊन बसली.

"आजी, मी तुझी नक्कल केली."

"आगं, मग?"

"तुला राग आला."

"नकला काय, पोरं करत्यातच. मी न्हानपनी माझ्या सासूची करायची. तिनं पाह्यलं तवा उलथन्यानं मारलं मला." आजी थोडं हसली. मग तिचा चेहरा पुन्हा मिटला. "पर एक उमज पडंना मला. त्या म्हातारीनं येवढ्या वनवन करून पानी मिळवलं. बराबर? आन ते सांडलं. आन तेवढ्यालाच सारी हसली. पानी सांडलं म्हून कुनी हसतं का गं?"

सुकेशनी तिच्याजवळ सरकली.

"तुझा आजा आन मी एका उन्हाळ्यात मेंढरं घिऊन पैठनच्या वाटंला व्हतो. दोन कोसावरनं हंडा आनला मी. अन् ठेचकाळले. सारं गेलं. तुझा आजा रागं भरला नाय, तो खाली बसून रडला. मेंढरं वली माती चाटायला लागली." तिनं बोटानं घोंगडीवरचा एक धागा सरळ केला. "मला ते आठवलं. मला वाटलं उठावं आन धरावं. आन ही सारी शिकली-सवरली मानसं हसायलीत."

"मग तू बोलत का नायस? टँकरवर, ओवीशी..."

"आता मी तोंड उघडलं की त्यास्नी ती बाहुलीच दिसंल की. तुझ्या मैतरनी हायेत त्या. तुला त्यांच्यात ऱ्हायाचंय." आजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा. उद्या जायचंय ना? डबा काय देऊ?"

पुण्याच्या बसमध्ये बाहुली मागच्या बाकावर चादरीत गुंडाळून झोपवली होती. सुकेशनी ओवीशेजारी जाऊन बसली. "घागर सांडू नको," ती म्हणाली. ओवी खिडकीतून बाहेर बघत राहिली. पार नगरपर्यंत शेतं करपलेली होती. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय," ती शेवटी म्हणाली. "मी एकटी कसं बदलू?"

स्पर्धेचं सभागृह मोठं होतं. ठिकठिकाणचे संघ, चमचमते पोशाख, वाघ, रोबो, परग्रहावरचे प्राणी. त्यात झुंबरआजी उभी राहिली तेव्हा प्रेक्षकांत कौतुकाची कुजबुज झाली. चेहरा खरोखरच जिवंत उतरला होता. नाटक सुरू झालं. काचेचा दरवाजा, नळ, शेळी. हशा वेळेवर येत गेला. सुकेशनी बोलत होती, मूठ दाबत होती आणि जाळीतून ओवीचा हात बघत होती.

जिन्याशी आल्यावर ओवी क्षणभर थांबली. मग तिनं घागरीची दोरी ओढली. घागर कलंडली, झिरमिळ्या भसकन सांडल्या आणि सभागृह हसलं.

सुकेशनीनं वाक्य म्हटलंच नाही. हशा ओसरला. श्रीरंग, जो दुकानाचा पहारेकरी झाला होता, तिच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. बाहुलीचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. मग सुकेशनी गुडघ्यांवर बसली. तिच्या खांद्यांबरोबर झुंबरआजी खाली आली आणि दोन्ही बाजूंच्या काठ्या धरलेले दोघेही तिच्यासोबत ओढले गेले. कुठंतरी वायर तुटल्याचा टण्ण आवाज आला. जबडा लोंबू लागला.

"आरं माझं पानी..." आतून आवाज आला. तो मोठा नव्हता. "दोन कोसावरनं आनलं रं. गोळा करू लागा. आरं, गोळा करू लागा कुनीतरी..."

कुणालातरी हसू आलं आणि ते मध्येच विझलं. ओवीकडची काठी तशीच हवेत होती. बाहुलीचा उजवा हात फरशीला टेकत नव्हता. मग तो टेकला. कामट्यांची बोटं निळ्या झिरमिळ्यांवरून फिरली आणि एकेक झिरमिळी घागरीकडं ढकलू लागली. श्रीरंग काही वेळ इकडंतिकडं बघत राहिला. त्याचं पुढचं वाक्य "आजी, इथं बसायला मनाई आहे" असं होतं. ते न म्हणता तोही खाली बसला आणि दोन्ही हातांनी गोळा करू लागला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा सातहीजण फरशीवर होते, निम्मं पाणी अजून पसरलेलं होतं, आणि 'पाणी वाचवा'चा फलक वर आलाच नव्हता.

परीक्षकांपैकी एकजण नंतर आले. "हा शेवट कुणी बसवून दिला?" त्यांनी विचारलं. "शिक्षकांनी? पालकांनी?"

"कुणी नाही," सुकेशनी म्हणाली.

ते तिच्याकडं बघत राहिले. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. नाटक अपुरं राहिलं म्हणून गुण गेले, जबडा तुटला म्हणून गेले. बाहुलीच्या चेहऱ्याला विशेष उल्लेख मिळाला. पुढच्या फेरीत दुसरे दोन संघ गेले.

परतताना बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. "आपण जिंकलो असतो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते खोटं नव्हतं. ओवी बराच वेळ रडत होती. घोडनदीच्या पुढं कधीतरी ती सुकेशनीकडं वळली. "तू हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"असं नव्हतं सांगितलं."

सुकेशनीनं विचार केला. तेही खरंच होतं. पाण्याची गोष्ट तिला तेव्हा माहीतच नव्हती.

घरी आल्यावर तिनं आजीला सगळं सांगितलं. कुठं बसली, काय म्हणाली, श्रीरंग कसा वाकला. आजीनं मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून संपल्यावर म्हणाली, "तुला बक्षीस नाय ना मिळालं मग?"

"नाय."

"वाईट झालं," आजी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

सुकेशनीला वाटलं होतं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. तसं झालं नाही. गल्लीत आजी गप्पच राहिली. होळीच्या सुमाराला बिरूमामाचा निरोप आला की त्याचा कळप लासूर स्टेशनच्या अलीकडं कालव्याकाठच्या रानात उतरला आहे, कोकरं झाली आहेत आणि हात कमी पडतात. आजीनं त्याच दिवशी घोंगडी बांधली.

अजिनाथ कळवळून म्हणाला, "आये, हितं काय कमी हाय तुला? तिथं उन्हात, रानात, ह्या वयात..."

"कोकरांना कुनीतरी पायजे," ती म्हणाली आणि बाकी काही ऐकेना.

ती ओसरीत वहाणा शोधत होती तेव्हा सुकेशनी तिच्यामागं गेली. "आजी, माझ्यामुळं चाललीस?"

बानाबाईनं वळून पाहिलं. तिला खोटं बोलता आलं असतं. "थोडं तुझ्यामुळं," ती म्हणाली. "लई दुष्काळामुळं. आन थोडं मलाच हितं करमत नाय म्हून. सारं तुझ्यामुळं आसतं तर हितंच ऱ्हाऊन तुला बदडलं नसतं का?"

सुकेशनी हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला. आजीनं तिचं तोंड पदरानं पुसलं आणि ती अजिनाथच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली.

त्या उन्हाळ्यात सुकेशनी दोनदा लासूरला गेली. दुसऱ्या वेळी ओवी सोबत आली, स्वतःहून. काय बोलायचं ते तिनं वाटेत बसमध्येच मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण रानात पोहोचल्यावर, निंबाच्या विरळ सावलीत बानाबाईसमोर उभं राहिल्यावर, तिला एक शब्दही फुटेना. आजीनं तिच्याकडं बघितलं, तिच्या लाल झालेल्या कानांकडं बघितलं, आणि एक थरथरतं कोकरू उचलून तिच्या हातात दिलं. "धर नीट. आय मेलीय त्याची," ती म्हणाली आणि दुधाची बाटली आणायला पालाकडं गेली.

ओवीनं ते धरलं. ते तिच्या बोटांना चोखू लागलं. सुकेशनी तिच्या शेजारी बसली.

पुढच्या वर्षी शाळेनं पुन्हा संघ केला. ओवीनं नाव दिलं. सुकेशनीनं दिलं नाही. दमयंती मॅडमनी कारण विचारलं नाही.